जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या बॉनेटखालचे पार्ट बनवून घ्यायचे असतील तर

सगळ्यात आधी अर्थिंग, म्हणजे करंटला इंजिन-बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत यायची वाट. बॅटरी ट्रे, अल्टरनेटरचं ब्रॅकेट, पंख्याचं आवरण, हीट शील्ड, यांतलं काहीही बनवायला टाकण्याआधी इंजिनची अर्थ पट्टी बॉडीला कुठे लागणार आणि त्या जागेचा पत्रा उघडा कसा राहणार, हे वहीत लिहून ठेवा. मागच्या गाडीला बाकी सगळं लिहिलं होतं, एवढंच राहिलं. इंजिन रबरी माउंटिंगवर, बॉडीला नवा रंग, प्रत्येक ब्रॅकेटला पावडर कोटिंग, त्यामुळे इंजिनचा आणि बॉडीचा धातू कुठेच एकमेकाला लागत नव्हता. सेल्फ मारल्यावर स्टार्टरच्या शंभरेक अँपिअर करंटला परत यायला वाट उरली ती फक्त चोक केबलची. केबल तापून लाल झाली, वरचं प्लॅस्टिक वितळून बाजूच्या वायरींना चिकटलं. तिथेच पेट्रोलची नळी असती तर गाडी गेली असती. म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नका.

हे पार्ट आता बनवूनच घ्यावे लागतात. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी धावत होत्या तोवर कुर्ल्याला सीएसटी रोडवर एक चक्कर मारली की काही ना काही हाती लागायचं. 2003 च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. इंजिनचे आतले पार्ट अजून शोधून मिळतात. पत्र्याचे मिळाले तर गंजलेले मिळतात, आणि बॅटरी ट्रे तर ॲसिडने खाल्लेलाच असतो. तरी तो कुजका ट्रे फेकू नका. भोकांची जागा त्याच्यावरूनच कळते.

मोजमाप रिकाम्या इंजिन बेवर घेऊ नका. रेडिएटर, पंखा, एअर फिल्टर, होस पाइप, बॅटरी, सगळं कच्चं बसवा आणि मग जाड पुठ्ठ्याचे नमुने कापा. पुठ्ठा वाकतो तसा पत्रा वाकत नाही. पत्र्याला जाडी असते आणि वाकताना तो गोलाई घेतो, त्यामुळे काटकोनात दुमडलेल्या पुठ्ठ्यावरून केलेलं ब्रॅकेट दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतंच. बोल्टची भोकं वाकवल्यानंतर मारायला सांगा. बॉनेट नव्या पार्टला टेकतं का, हे डोळ्यांनी ठरवू नका. नव्या पार्टच्या सगळ्यात उंच जागी कणकेचा गोळा ठेवा, वर प्लॅस्टिकचा कागद टाका, बॉनेट हळू बंद करून उघडा आणि चेपलेल्या गोळ्याची जाडी मोजा. दहा मिलिमीटरच्या खाली आली तर पार्ट बदला. बॅटरीच्या टर्मिनलवर तर हे केलंच पाहिजे. तिथे बॉनेट टेकलं की थेट शॉर्ट.

इंजिन जागेवर स्थिर नसतं, हेही धरून चाला. ॲक्सिलरेटर झटकन दाबला की ते रबरावर एका बाजूला कलतं. बॉडीला लावलेला पार्ट आणि इंजिन यांच्यात वीस-पंचवीस मिलिमीटर मोकळं ठेवा. पंख्याचं आवरण रेडिएटरला असतं आणि पंखा इंजिनला, म्हणजे दोघं वेगवेगळे हलणार. तिथे कंजुषी केली तर पाती आवरण कापतील आणि पुढचा घाव रेडिएटरच्या जाळीवर बसेल.

बॉडी कापू नका. गाडी पन्नास वर्षांची झाली असेल तर 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, पण ती मूळ रूपात असावी लागते. कंपनीने पाडलेली भोकं वापरा. एखादं ब्रॅकेट थोडं वेडंवाकडं झालं तरी चालेल, एप्रनला, म्हणजे इंजिनच्या बाजूच्या आतल्या पत्र्याला, ड्रिल लावू नका.

आता मटेरियल. बॅटरी ट्रेला 16 गेजचा सीआरसीए, म्हणजे जस्त न चढवलेला साधा पोलादी पत्रा. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, आणू नका, वेल्डिंगला जस्ताचा धूर निघतो आणि तो छातीत जातो. ट्रेच्या तळाला पाणी जायला भोक, वर रबरी मॅट आणि बॅटरी धरून ठेवणारी पट्टी. हीट शील्डला दीड मिलिमीटरचं ॲल्युमिनियम, तेही 5052 ग्रेडचं. दुकानदार 6061 टी6 हातात ठेवेल, मजबूत आहे म्हणेल, पण ते काटकोनात वाकवताना चिरतं. शील्ड एक्झॉस्टला चिकटवू नका. मधली हवाच उष्णता अडवते, दहा-बारा मिलिमीटर अंतर पाहिजे.

अल्टरनेटरचं ब्रॅकेट हे सगळ्यात अवघड काम. जुन्या डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवायचा तर तीन पुली एका रेषेत याव्या लागतात: क्रँकची, पाण्याच्या पंपाची आणि अल्टरनेटरची. सरळ पट्टी लावून बघा. पट्टी एका पुलीला दोन्ही कडांवर टेकते आणि दुसरीला एकाच कडेवर, असं दिसलं तर ब्रॅकेट तिरकं आहे. बेल्ट किंचाळणार, कडा सोलून निघणार आणि दोष बेल्टच्या कंपनीला जाणार. सहा मिलिमीटरची पट्टी वापरा. पातळ पत्रा इंजिनच्या थरथरीने वेल्डिंगजवळ तुटतो. आणि पुन्हा तेच: बऱ्याच अल्टरनेटरचा निगेटिव्ह त्याच्या बॉडीतून, म्हणजे या ब्रॅकेटमधूनच इंजिनला जातो. ब्रॅकेटवर सगळीकडे कोटिंग चढवलं की चार्जिंग मंदावतं आणि माणूस रेग्युलेटर बदलत बसतो.

फॅब्रिकेटर गेट-ग्रिल करणारा नको. भोसरीला, चाकणला बेंडिंग मशीन आणि आर्गन वेल्डिंग असलेले वर्कशॉप आहेत, तिथे जा. मिस्त्रींना नुसतं ड्रॉइंग देऊ नका. पुठ्ठ्याचा नमुना, त्यात बसणारे बोल्ट आणि शक्य असेल तर गाडी, तिन्ही घेऊन जा. गाडीवरच टाके मारायचे असतील तर बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी आधी सुटल्या पाहिजेत, पेट्रोलची नळी रिकामी पाहिजे. ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करू देऊ नका. त्यात क्लोरीनचं द्रावण असेल तर विषारी वायू होतो, आणि तो जीवघेणा आहे.

पावडर कोटिंगला देण्याआधी कच्चे पार्ट गाडीवर बसवून, बॉनेट लावून, सगळं परत बघा. नंतर बदल करायचा तर कोटिंग जाळावं लागतं. भट्टी 180 ते 200 अंशांवर असते, म्हणून रबरी बुश काढा आणि झाळलेला कुठलाही पितळी भाग देऊ नका, झाळ सुटेल. आट्यांमध्ये प्लग घाला. आणि अर्थच्या जागा! बोल्टच्या डोक्याखालचा गोल, ब्रॅकेट इंजिनला टेकतं तो भाग, बॉडीवरची पट्टीची जागा, सगळ्यांवर उष्णता सोसणारी टेप स्वतः लावा. कोटिंगवाल्याला तोंडी सांगून भागत नाही. त्याच्या दृष्टीने उघडा पत्रा म्हणजे राहिलेलं काम, तो प्रेमाने झाकून देतो. पार्ट घेताना तिथेच मीटर लावून, त्या जागांमधून करंट जातो का, ते बघा.

फिटिंग: स्टार वॉशर घाला, वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रॉमेट, अर्थच्या उघड्या जागेवर बोल्ट आवळल्यावर ग्रीसचा हात. अर्थ पट्टी निदान 25 चौरस मिलिमीटरची, गिअरबॉक्सच्या बोल्टपासून बॉडीपर्यंत, आणि इंजिन हलेल एवढी ढिली.

पहिला सेल्फ मारण्याआधी मीटर व्होल्टवर ठेवा. एक टोक इंजिन ब्लॉकला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. 0.2 व्होल्टच्या आत आलं तर पुढे जा. जास्त आलं तर लगेच थांबा आणि रंग खरवडा. चोक केबलला हात लावून बघा, कोमटसुद्धा लागता कामा नये.

बाकी पाणी, ऑइल, बेल्टचा ताण नेहमीसारखं. वीस-तीस किलोमीटर झाले की सगळे बोल्ट परत आवळा, अर्थ पट्टीचे दोन्ही धरून.