एकट्याचा बँड : गिटार-पॉपचे स्वतंत्र ध्वनिमुद्रण कसे करावे

टॅस्कॅम कंपनीचे 'पोर्टास्टुडिओ १४४' हे चार ट्रॅकचे (स्वतंत्र ध्वनिपट्ट्यांचे) कॅसेट यंत्र १९७९ साली आले आणि सगळी वाद्ये एकट्याने, घरात बसून, एकावर एक ध्वनिमुद्रित करणे आवाक्यात आले. संगणकावर आता ट्रॅकची मर्यादा राहिलेली नाही. परंतु एकट्या कलाकाराला 'आता पुरे' असे सांगणारा साथीदारही नसतो, म्हणून एका गाण्यासाठी आठ-दहा ट्रॅकची मर्यादा आधीच ठरवून घ्यावी.

लय ठरवताना गिटार वाजवण्याऐवजी गाऊन पाहावे, कारण हाताला सोयीची वाटणारी गती शब्दांना पुष्कळदा झेपत नाही. त्यानंतर क्लिकच्या, म्हणजे हेडफोनमध्ये ठरलेल्या गतीने वाजणाऱ्या ठोक्याच्या, साथीने गिटार आणि गायनाचा कच्चा ट्रॅक करावा, त्यावर ड्रम्स आणि मग बेस वाजवावा. बँडमध्ये वादक एकमेकांना सावरून घेतात; इथे मात्र नंतरचे वाद्य आधीचे ऐकते, आधीच्याला नंतरचे कधीच ऐकू येत नाही. क्लिकवर वाजवलेली पहिली गिटार त्यामुळे ताठरच राहते. ती कितीही चांगली वाटली तरी काढून टाकावी आणि तयार ड्रम्स-बेस ऐकत पुन्हा वाजवावी. वेळ वाचवण्यासाठी बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात.

गिटारचा भरीवपणा हवा असेल, तर एकच ट्रॅक कॉपी करून डावी-उजवीकडे ठेवल्याने काहीही साधत नाही. दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखा आवाज आला की तो मध्यभागीच ऐकू येतो. तोच भाग खरोखर दुसऱ्यांदा वाजवावा लागतो, आणि शक्य तर वेगळ्या ठिकाणी : गाणे सी मेजरमध्ये असल्यास पाचव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून जी मेजरच्या बोटांच्या आकारांनी तेच कॉर्ड मिळतात, पण तारांची रचना बदलल्यामुळे दोन्ही गिटार वेगळ्या ओळखू येतात. अकूस्टिक गिटारसाठी माइक बाराव्या फ्रेटसमोर, वीस ते तीस सेंटिमीटरवर ठेवून सुरुवात करावी. थेट साउंडहोलसमोर ठेवला तर खर्जाचा घुमारा फार येतो. चोवीस बिटवर ध्वनिमुद्रण करत असल्यास सर्वांत मोठा आवाज उणे बारा डेसिबलच्या आसपास (शून्य ही कमाल मर्यादा) राहिला तरी पुरतो.

वाजवताना हेडफोनमध्ये आवाज मागाहून येत असेल, तर सॉफ्टवेअरमधील बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलपर्यंत खाली आणावा आणि मिक्सिंगच्या, म्हणजे सगळे ट्रॅक एकमेकांशी जुळवण्याच्या, वेळी पुन्हा वाढवावा. मिक्सिंगमध्ये गिटारमधील सुमारे शंभर हर्ट्झखालचा भाग कमी केला, की बेसला आपोआप जागा होते. गाणे अतिशय मोठ्या आवाजाचे करण्यात फारसा अर्थ नाही, कारण स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये गाण्यांची पातळी उणे चौदा एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याच्या एककाच्या) आसपास आणते आणि त्याहून मोठे गाणे खाली ओढते.

वितरणासाठी प्रत्येक ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रण ओळखण्याचा आंतरराष्ट्रीय, क्रमांक लागतो. बहुतेक वितरक तो स्वतः देतात. गाणे पाठवण्याआधी प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या वेगळ्या वेव्ह फाइलच्या रूपात साठवावा, म्हणजे सॉफ्टवेअर बदलले तरी तेच गाणे पुन्हा उघडून मिक्स करता येते.