पाचशे ग्रॅमचा हिशेब: एअर पिस्तुलाचा ट्रिगर घरी कसा लावायचा

आधी हद्द आखून घेऊ. इथे जे सांगितलं आहे ते दहा मीटर स्पर्धेच्या एअर पिस्तुलापुरतंच आहे, म्हणजे ४.५ मिमी बोअरचं, दाबाच्या हवेवर चालणारं, सिलिंडरवालं पिस्तूल. ०.२२ किंवा त्यावरच्या, काडतुसाच्या पिस्तुलात ट्रिगरचं किट घरी बसवायच्या भानगडीत पडू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात फेरबदल करायलाही परवाना लागतो. तुमच्याकडचा परवाना बाळगण्याचा असतो, उघडून खटपट करण्याचा नसतो. ते काम परवानाधारक शस्त्र दुरुस्तीवाल्याचं. तसंच नळी मोडून भरायचं स्प्रिंगवालं स्वस्त एअर पिस्तूलही घरी उघडू नका. त्यातली मुख्य स्प्रिंग दाबलेली असते, पिन निघाली की ती थेट अंगावर येते.

राहिलं स्पर्धेचं पिस्तूल. स्टायर, फाइनवर्कबाऊ, वॉल्थर, पार्डिनी, मोरिनी, यातलं कुठलंही असो, ट्रिगरची सगळी जुळवणी बाहेरच्या स्क्रूंवरच होते. त्यामुळे 'किट' या शब्दाने फार हुरळून जाऊ नये. बाहेरून मिळतं ते बहुतेक ट्रिगर शू, म्हणजे बोट टेकतं ती पट्टी, आणि कधीकधी दोन-तीन हलक्या स्प्रिंगा. शू बदलणं अनेकदा फायद्याचं ठरतं. स्प्रिंग बदलायची गरज क्वचितच पडते, कारण ट्रिगर किती हलका असावा हे तुमच्या हातातच नाही. आंतरराष्ट्रीय नियमाने दहा मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा आणि कारखान्यातून आलेली स्प्रिंग तिथवर आरामात उतरते. नाशकात क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बामांमुळे नेमबाजीच्या मानसिक बाजूबद्दल सगळेच बोलतात. पण मन कितीही शांत असलं तरी ट्रिगर रोज वेगळ्या जागी सुटत असेल तर कार्डावर नऊ आणि आठच दिसणार.

सामान

१.५ आणि २ मिमीच्या एलन की, चांगल्या पोलादाच्या. सायकलवाल्याकडच्या स्वस्त जुडग्यातली १.५ ची की दोन वापरांत गोल होते आणि जाताना स्क्रूचं तोंडही खराब करून जाते. सातपूर-अंबड भागातल्या टूलच्या दुकानांत सुटी की मिळते, ती घ्या. एक बारीक चपटा स्क्रूड्रायव्हर. स्टीलचं मोठं ताट आणि त्यात अंथरायला पांढरा रुमाल, कारण १.५ मिमीच्या कीचा ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा स्क्रू, तांदळाच्या कणीएवढा असतो आणि फरशीच्या फटीत गेला की गेलाच. मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज, अर्धा लिटरची रिकामी पाण्याची बाटली, सायकलचा एक जुना स्पोक, वही आणि पेन्सिल.

स्पोक आणि बाटली यांचं आपण वजनमाप करणार आहोत. स्पोकचं एक टोक पकडीने वाकवून छोटा गोल आकडा करा, ट्रिगर शूवर बसेल असा. दुसऱ्या टोकाला बाटलीचं तोंड नायलॉनच्या दोरीने बांधा. आता हा सगळा लटांबर, आकडा-दोरी-बाटली-झाकणासकट, अचूक काट्यावर ठेवायचा. किराण्याच्या काट्याला पाच ग्रॅमचा फरक कळत नाही. सराफ बाजारात चांदीच्या दुकानातला काटा ग्रॅमच्या अंशापर्यंत दाखवतो, गर्दी नसताना विनंती केली तर तोलून देतात. काट्याने एकूण वजन ५१० दाखवेपर्यंत सिरिंजने पाणी घाला. एक मिली म्हणजे एक ग्रॅम, हिशेब सोपा. पाण्याच्या पातळीवर बाटलीला मार्करने रेघ मारा.

५०० का नाही, ५१० का? स्पर्धेत तपासणीचा काटा त्यांचा, आकडा त्यांचा आणि टेबलही त्यांचं. दहा ग्रॅम हातचे राखलेले बरे. वजन घ्यायची पद्धतही तीच ठेवा: नळी सरळ वर, आकडा शूच्या मध्यावर, बाटली टेबलावर टेकलेली. पिस्तूल हळूहळू वर उचलायचं. बाटली टेबलावरून पूर्ण उचलली गेली आणि ट्रिगर सुटला नाही तर पास. नियमात तीन प्रयत्न असतात, तुम्ही घरी दहा करा आणि दहाही पास हवेत.

उघडण्याआधी

पेलेट, म्हणजे शिशाची गोळी, आत नाही याची डोळ्यांनी खात्री करा, चेंबर उघडून, उजेडाकडे धरून. मग सिलिंडर काढा आणि आत अडकलेली हवा सुरक्षित दिशेला रिकामे शॉट मारून संपवा. सिलिंडर काढला म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नसतं, हवेचा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरमागे एक-दोन शॉटची हवा उरते. नळीतून रंगीत सेफ्टी दोरी ओवून ठेवा. नंतर मोजमापासाठी दोरी काढावी लागेल, तेव्हा पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत असावा.

आता मोबाइलवर ट्रिगरच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. प्रत्येक स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने अलगद टेकेपर्यंत किती फेरे घेतो ते मोजा, वहीत लिहा आणि तेवढेच फेरे मागे आणा. हे कंटाळवाणं काम टाळणारे लोकच नंतर 'पहिल्यासारखं करून द्या' म्हणत प्रशिक्षक सरांकडे येतात. स्क्रूंचे क्रमांक प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, म्हणून मित्राच्या स्टायरवरची माहिती फाइनवर्कबाऊला लावू नका. पुस्तिकेतली आकृती समोर ठेवा आणि कुठला स्क्रू काय करतो ते चिठ्ठीवर मराठीत लिहून काढा: पहिल्या टप्प्याचं वजन, पहिल्या टप्प्याचा प्रवास, दुसऱ्या टप्प्याचं वजन, सिअरची (शॉट सुटेपर्यंत यंत्रणा अडकवून धरणारा खटका) पकड, मागचा स्टॉप (ट्रिगरला मागे अडवणारा स्क्रू). मोरिनीच्या इलेक्ट्रॉनिक ट्रिगरमध्ये सिअरची पकड हा भाग नाही, बाकीचं तत्त्व तेच.

शू

जुना शू एका छोट्या स्क्रूने दांडीवर आवळलेला असतो. तो सैल करून काढा, नवा सरकवा, पण लगेच घट्ट करू नका. हात नेहमीसारखा ग्रिपमध्ये घाला, डोळे मिटा, पिस्तूल उचला आणि बोट आपोआप कुठे टेकतं ते पाहा. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल मध्य शूवर यायला हवा. बोट आणि ग्रिपच्या लाकडात जागा हवी, पोस्टकार्ड सहज सरकेल एवढी. बोट लाकडाला घासत असेल तर तुम्ही ट्रिगर ओढत नाही, पिस्तूल ढकलता. उजव्या हाताच्या नेमबाजाचे शॉट आडवे पसरत असतील तर ग्रिपला दोष देण्याआधी शूचा तिरपेपणा बघा: दाब सरळ मागे जायला हवा, नळीच्या रेषेत.

इथेच बहुतेकांची पहिली फसगत होते. नवा शू जुन्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली आला तर वजन बदलतं, आणि स्क्रूला तर हात लावलेला नसतो! ट्रिगर हा तरफेसारखा आहे. खिळीपासून शूचा मध्य ३० मिमीवर असताना ५०० ग्रॅम लागत असतील तर ३३ मिमीवर साधारण ४५५ च लागतात. म्हणजे शू बदलला, चेहरा खूश, आणि स्पर्धेच्या तपासणीत पिस्तूल नापास. म्हणून शू आधी, वजन नंतर. हा क्रम उलटा केला तर सगळं दोनदा करावं लागतं.

टप्पे

ट्रिगर दोन टप्प्यांत चालतो. पहिल्यात बोट मऊ स्प्रिंगविरुद्ध काही मिलिमीटर मागे जातं आणि भिंतीला टेकतं. भिंत म्हणजे दुसरा टप्पा, तिच्यावर थोडा दाब वाढवला की सिअर सुटतो. तपासणीत मोजलं जातं ते दोन्हींचं मिळून. चांगली सुरुवातीची वाटणी पहिल्याला ३५० ते ३६० आणि दुसऱ्याला १५० ते १६०. अनुभवी नेमबाज पहिला ४०० पर्यंत नेतात आणि भिंत १०० च्या आसपास ठेवतात. नव्या मुलांनी तसं करू नये. भिंत स्पष्ट जाणवायला हवी, नाहीतर शॉट पहिल्या टप्प्यातच निसटतो आणि मुलगा म्हणतो 'कधी सुटला कळलंच नाही'.

आता क्रम. मागचा स्टॉप दोन-तीन फेरे मागे काढून ठेवा, तो आता कामात अडथळाच. मग सिअरची पकड. हा स्क्रू सगळ्यात नाजूक. पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी फिरवू नका आणि दर वेळी कॉक करून (खटका चढवून) ड्राय फायरने, म्हणजे पेलेट न घालता ट्रिगर दाबून पाहा. पकड जास्त असेल तर भिंतीनंतर ट्रिगर घसटत पुढे सरकतो, वाळूवरून चप्पल ओढल्यासारखा. कमी कमी करत गेलात की ती घसट नाहीशी होते आणि काचेची काडी मोडावी तसा कट, म्हणजे सिअर सुटण्याचा क्षण, सुटतो. तिथे थांबा, आणि मग पाव फेरा पकड पुन्हा वाढवा. हा परत दिलेला पाव फेरा अनेकांना जड जातो, पण पिस्तूल टेबलावर ठेवताना आपोआप न सुटणं यावरच अवलंबून आहे.

पहिल्या टप्प्याचा प्रवास पसंतीचा भाग, दोन-तीन मिमी पुरे. मग वजन. बाटली मुद्दाम हलकी करून पाहा: ३५० ग्रॅमच्या बाटलीने ट्रिगर भिंतीपर्यंत यावा आणि तिथेच थांबावा. आला नाही तर पहिली स्प्रिंग सैल करा. मग सिरिंजने पाणी वाढवत जा, दर वेळी ५ मिली, आणि कितीवर सुटतो ते लिहा. ५१५ ते ५२० वर सुटला पाहिजे. शेवटचं मोजमाप ड्राय फायरवर नाही, सिलिंडर लावून, हवा भरलेल्या अवस्थेत घ्या, कारण अधिकृत तपासणीही तशीच होते. नळी वर असताना तिच्यावर वाकून बघू नका, पेलेट नसलं तरी.

शेवटी स्टॉप. कट सुटल्यावर बोट किती पुढे धावतं ते तो ठरवतो. स्टॉप आत घेत जा, एका क्षणी पिस्तूल सुटायचंच बंद होईल. तिथून अर्धा फेरा मागे. पाव फेरा ठेवणारे लोक आहेत, आणि थंडीच्या सकाळी रेंजवर त्यांचंच पिस्तूल मधेच मुकं होतं. निफाडकडे पारा एक आकड्यावर येतो तेव्हा ग्रीस घट्ट होतं, सुटे भाग थोडे आखडतात, आणि आदल्या दिवशी घरात चाललेली जुळवणी चालत नाही.

ग्रीसचा विषय निघालाच आहे तर शिलाई मशीनचं तेल ट्रिगरमध्ये सोडू नका, कुलपात मारायचा स्प्रेही नको. तेल धूळ धरतं, ओघळत सीलपर्यंत जातं, आणि दाबाच्या हवेच्या संगतीत पेट्रोलियमचं तेल धोक्याचंच. कंपनीने सांगितलेलं ग्रीस, काडेपेटीच्या काडीच्या टोकावर मावेल तेवढं, तेही पुस्तिकेत सांगितलेल्या जागीच. बऱ्याच पिस्तुलांत सिअर कोरडाच ठेवायचा असतो.

चाचणी

पिस्तूल रिकामं, कॉक केलेलं, नळी जमिनीकडे. ग्रिपच्या तळाला तळहाताने दहा चापट्या मारा, मग दोन्ही बाजूंनी दहा-दहा. एकदा जरी सुटलं तरी सिअरची पकड वाढवा आणि वजन पुन्हा मोजा. यात तडजोड नाही.

कॉकच होत नसेल तर सिअरची पकड फार कमी झालीय किंवा स्टॉप फार आत आहे, आधी स्टॉप सैल करून पाहा. मोजताना वजन दर वेळी वीस-तीस ग्रॅमने बदलत असेल तर बहुधा पिस्तुलाचा दोष नाही, आकडा शूवर घसरतोय. शूच्या मध्यावर पेन्सिलने खूण करा. तरीही बदलत असेल तर सिअरवर कचरा आहे, कोरड्या ब्रशने झाडा. भिंत नाहीशी झाली असेल तर पहिल्याचं वजन वाढवताना दुसऱ्याचं काही उरलेलंच नाही. आणि पूर्वी छान असलेला कट आठवड्याभरात घसटू लागला तर एखादा स्क्रू फिरलाय.

तो फिरू नये म्हणून बसलेल्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या धातूवर जाईल असा नेलपॉलिशचा छोटा ठिपका द्या. ठिपका तुटलेला दिसला की कुठला स्क्रू हलला ते लगेच कळतं. लाल थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू जखडणारा गोंद, मात्र लावू नका. एवढ्या बारीक स्क्रूवर तो बसला की उघडताना कीच मोडते.

तीस शॉट रेंजवर मारा, घरी येऊन वजन पुन्हा घ्या. पाच-सात ग्रॅमचा फरक पडतोच, नवा शू बसतो, स्प्रिंग रुळते. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी आणखी एकदा. सामना झाल्यावरही अचानक तपासणी होते आणि तिथे ट्रिगर ५०० च्या खाली निघाला तर नेमबाजच अपात्र ठरतो. बाटलीचं झाकण घट्ट ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी सराफाकडे पुन्हा तोलून घ्या. उन्हाळ्यात पाणी रेघेच्या खाली जातं, मग हलक्या बाटलीवर पास झालेला ट्रिगर तपासणीच्या टेबलावर नापास होतो.