चरित्र नटाच्या या चुका: फोन येणं का थांबतं

नायकाचं काम बिघडलं तर चार ठिकाणी छापून येतं. चरित्र नटाचं, म्हणजे आजोबा, हवालदार, इन्स्पेक्टर अशा आजूबाजूच्या भूमिका करणाऱ्याचं, बिघडलं तर फक्त फोन येणं बंद होतं. कास्टिंगवाला कारण सांगत नाही, आणि नाटकाचा निर्माता पुढच्या दौऱ्याआधी परस्पर रिप्लेसमेंट उभी करतो. खालच्या चुकांपैकी बऱ्याचशा गुणी नटांच्याही होतात, कारण त्या अभिनय कमी पडल्यामुळे होत नाहीत. रंगमंचावरची सवय सेटवर जाते, सेटवरची रंगमंचावर येते आणि तारखांचा, पैशांचा हिशेब कुणीच ठेवलेला नसतो.

म्हातारा म्हणजे वाकलेली कंबर

तिशीतल्या नटाला आजोबा मिळाले की दोन गोष्टी ठरलेल्या: कंबरेत वाकायचं आणि आवाज थरथरवायचा. कंबरेत वाकलं की पोट दबतं, श्वास पुरत नाही आणि चेहरा जमिनीकडे जातो. बाल्कनीतल्या प्रेक्षकाला मग नुसता विग दिसतो. थरथरत्या आवाजात वाक्याचा शेवटचा शब्द, म्हणजे क्रियापदच, ऐकू येत नाही.

त्याऐवजी गुडघे किंचित सैल सोडा, पावलांमधलं अंतर थोडं वाढवा. मागे बघायचं असेल तर नुसती मान न वळवता खांद्यासकट वळा. बसण्याआधी हाताने खुर्ची चाचपा, उठताना मांडीवर हात रेटा. आवाजात कंप नको. आठ शब्दांचं वाक्य तीन श्वासांत तोडा. एवढं साधलं की केसांवर पांढऱ्या पावडरीचा मारा करावा लागत नाही, जी एरवी दुसऱ्या अंकापर्यंत कोटाच्या खांद्यावर उतरलेली असते. ‘हसवाफसवी’त दिलीप प्रभावळकर एकाच प्रयोगात सहा भूमिका करत. मेकअप सगळ्यांनाच करता येतो. चाल, श्वास आणि बोलण्याची लय बदलणं हे खरं काम.

सगळी खेडी एकाच गावची

‘ण’चा ‘न’ केला, ‘पानी’, ‘लोनी’ म्हटलं की गावाकडची भाषा झाली, हा समज मालिकांनी पसरवलाय. वऱ्हाडी माणूस ‘मले, तुले’ म्हणतो आणि ‘करून राहिलो’ म्हणतो. मालवणी माणसाचं ‘माका, तुका’. अहिराणीतही ‘माले, तुले’ येतं, पण तिथे ‘आहे’चं ‘शे’ होतं, म्हणून वऱ्हाडी म्हणून ती खपवता येत नाही. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका ‘मी येतो, मी जातो’ असं पुल्लिंगी बोलतात. ते न कळता एखादी नटी ‘येते, जाते’ म्हणते आणि त्या भागातला प्रेक्षक पहिल्याच वाक्याला सुटतो.

उपाय कष्टाचा आहे, पण अवघड नाही. त्याच तालुक्यातल्या एका माणसाकडून स्वतःचे सगळे संवाद वाचून घ्या, फोनवर रेकॉर्ड करा आणि आधी बोलण्याची चाल पाठ करा, शब्द नंतर. लेखकाने प्रमाण भाषेत लिहिलेलं वाक्य बोलीत फिरवायचं असेल तर तालमीतच दिग्दर्शकाला विचारा. प्रयोगात परस्पर बदललेल्या शब्दाने समोरच्याचा क्यू, म्हणजे ज्या शब्दावर त्याने बोलायचं तो इशारा, जातो.

लाफ्टर खाणं

छोट्या भूमिकेतला नट हमखास हशा येणाऱ्या वाक्यानंतर एकतर लगेच पुढचं बोलतो किंवा हशा पूर्ण विरेपर्यंत थांबतो. पहिल्यात पुढचं वाक्य बुडतं, दुसऱ्यात प्रवेशाची हवा जाते. हशा चढतो, टिपेला पोचतो आणि उतरू लागतो. उतरणीच्या मध्यावर, किंचित वरच्या आवाजात वाक्य उचलायचं. तोवर शरीराने कृतीत राहायचं. गोठून उभं राहिलेला नट ‘हसा आता’ असंच सांगत असतो.

आणि दुसऱ्याच्या वाक्यावर पान लावणं, चष्मा पुसणं, धोतराचा सोगा सावरणं बंद करा. हे नको म्हणून तोंडावर कुणी सांगणार नाही, पण प्रमुख नट निर्मात्याला एकदाच सांगतो आणि तेवढं पुरतं.

मास्टरमध्ये एक, क्लोजला दुसरंच

नाटकातून मालिकेत आलेल्याची सगळ्यात महागडी चूक आवाज मोठा लावण्याची नाही. आवाज दोन दिवसांत उतरतो. चूक कंटिन्युइटीची असते, म्हणजे एकच कृती प्रत्येक शॉटमध्ये तशीच न होण्याची. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे अख्खा सीन एकत्र टिपणाऱ्या शॉटमध्ये, ‘बाहेर काढ त्याला’ या वाक्यातल्या ‘बाहेर’वर कप उचलला आणि क्लोजला, म्हणजे चेहऱ्याच्या जवळच्या शॉटला, ‘त्याला’वर, तर संकलकाला तो तुकडा जोडता येत नाही. तो काय करतो? तुमचा क्लोज टाकतो आणि समोरच्याची रिअॅक्शन लावतो. तुम्ही दिवसभर काम केलेलं असतं आणि पडद्यावर ऐकू येतो फक्त आवाज.

म्हणून मास्टरमध्ये कृती कमी ठेवा; संपूर्ण सीनमध्ये दोन-तीन, त्याही ठरावीक शब्दावर. कागदावर त्या शब्दाखाली रेघ मारा, कोणता हात ते बाजूला लिहा. खायचा सीन असेल तर घास लहान घ्या, कारण तोच घास पाच-सहा वेळा घ्यावा लागतो. समोरच्याचा क्लोज चालू असताना कॅमेऱ्यामागे उभं राहून स्वतःचे क्यू मनापासून द्या; फोन बघत दिलेला क्यू समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतो. चष्म्याच्या काचेवर लाइट चमकत असेल तर काड्या कानावर थोड्या वर उचला, काच खाली झुकते आणि चमक जाते.

प्रॉम्प्टिंगची चटक

मालिकेचा सीन अनेकदा सकाळी सेटवरच येतो, असिस्टंट वाक्य सांगतो आणि आपण म्हणतो. सहा महिने हे चाललं की दोन अंकी नाटक पाठ होईनासं होतं. सीन छोटा असला तरी मेकअपच्या खुर्चीत तो पाठ करायचा, प्रॉम्प्ट फक्त अडल्यावर घ्यायचं. वाक्यांपेक्षा त्यांचा क्रम आधी लक्षात ठेवा: तक्रार, टोमणा, माघार. क्रम पक्का असला की शब्द सापडतात.

सेल्फ टेप

सेल्फ टेप म्हणजे ऑडिशन स्वतःच फोनवर चित्रित करून पाठवणं. सीनची टेप फोन आडवा धरून, छातीपासून वर, साध्या भिंतीपुढे. उजेड खिडकीचा, आणि खिडकी समोर. पाठीमागे असेल तर चेहरा काळा. समोरची वाक्यं वाचणारा माणूस लेन्सच्या अगदी शेजारी आणि हळू आवाजात. भाड्याचा पोलिसी गणवेश चढवू नका. इंट्रोमध्ये नाव, वय, उंची, शहर आणि मोकळ्या तारखा. दोन्ही बाजूंचे प्रोफाइल. फाइलला नाव आणि भूमिका द्या.

तारखा आणि नाइट

नाटकाचे प्रयोग शनिवार-रविवारी दाटतात. पुण्यात रात्रीचा प्रयोग आणि त्याच दिवशी ठाण्यात घोडबंदरच्या सेटवर कॉल, म्हणजे हजर राहायची वेळ, हे ‘बघू, जमवू’ म्हणून जमत नाही. प्रयोग लागले की त्याच दिवशी मालिकेच्या शेड्युलरला लेखी कळवा आणि त्याचा होकार जपून ठेवा. बारा तासांची शिफ्ट असेल तर पॅकअप किती वाजता हवा ते कॉल टाइम ठरतानाच बोला, संध्याकाळी सहाला नव्हे.

पैशाचं गणितही दोन्हीकडे वेगळं. नाटकाची नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, बहुधा प्रयोगानंतर पाकिटात मिळते. मालिकेचं मानधन 90 दिवसांनी येण्याची पद्धत आहे. 5 जूनला काम सुरू झालं, महिनाअखेरीस बिल दिलं, तर पहिला पैसा सप्टेंबरअखेर. मधल्या चार महिन्यांचं घरभाडं आधी बाजूला नसेल तर माणूस मिळेल ती इन्स्पेक्टरची एक दिवसाची भूमिका घेत सुटतो आणि वर्षभरात फक्त इन्स्पेक्टर म्हणूनच ओळखला जातो. करारात किमान दिवस किती, जादा तासांचं काय आणि दुसऱ्या वाहिनीवर काम करायला मनाई आहे का, हे तीन मुद्दे सहीआधी वाचा. टीडीएस कापला असेल तर तो प्राप्तिकर पोर्टलवर तुमच्या पॅनवर जमा दिसतोय का ते दर तिमाहीला तपासा.

लूकचंही तसंच. मालिकेसाठी वाढवलेली दाढी मध्येच काढता येत नाही, आणि नाटकात गुळगुळीत चेहऱ्याचा हवालदार असतो. उलटा मार्ग सोपा: सही करतानाच चेहरा गुळगुळीत ठेवायचं ठरवा आणि मालिकेसाठी जाळीवर बनवलेली दाढी लावा. ती लावताना त्वचा कोरडी, तेल पुसलेली हवी. काढताना कडेने रिमूव्हर मुरवून अर्धा मिनिट थांबा. ओढून काढलीत तर जाळी फाटते, आणि दुसऱ्या दिवशीच्या क्लोजअपला गालावरचा लाल पट्टा मेकअप दादाच्या हाताखालूनही दिसतो.