सोसायटीच्या सभेत मुद्दा पटवायचा असेल तर शब्द कसे निवडावेत

सप्टेंबर आला की ठाण्यात कोपरीपासून घोडबंदर रोडपर्यंत सोसायट्यांच्या नोटीस बोर्डांवर वार्षिक सभेची सूचना लागते, कारण ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्या सभांमध्ये चांगले प्रस्ताव पडताना दिसतात आणि पुष्कळदा ते मांडणीमुळेच पडतात. आपण एकच विषय धरून चालू: गच्चीवरचं पावसाचं पाणी गाळून बोअरमध्ये सोडणं. मे महिन्यात टँकरसाठी फोन करणाऱ्या सोसायटीला याची गरज असतेच. पण सभेच्या वेळी बाहेर पाऊस असतो, टाक्या भरलेल्या असतात आणि मे महिना कुणाच्या डोक्यात नसतो.

१. मागणी एका वाक्यात लिहा

‘पर्जन्यजल संधारण प्रकल्पास तत्त्वतः मान्यता देणेबाबत’ असं विषयपत्रिकेत टाकलं, तर लोकांना कळतं ते एवढंच की काहीतरी खर्चिक येतंय. त्याऐवजी लिहा: ‘गच्चीवरचं पावसाचं पाणी गाळून बोअरमध्ये सोडायचं, काम मेअखेर पूर्ण करायचं, खर्च सिंकिंग फंडातून न करता घरटी वर्गणीतून करायचा.’ (सिंकिंग फंड म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी सोसायटीने बाजूला ठेवलेला निधी.) काय, कधी आणि पैसे कुठून, हे तिन्ही त्यात आलं. हे वाक्य जमत नसेल तर विषय अजून तुमच्याच मनात पक्का झालेला नाही. आणि तो ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ यात ढकलू नका. तिथपर्यंत अर्धी सभा चहाकडे गेलेली असते.

२. आधी लोकांचे शब्द गोळा करा

सभेच्या आधीचे आठ-दहा दिवस लिफ्टमध्ये, गेटवर, गणपतीच्या आरतीनंतर विषय काढा आणि ऐका. सर्वात वरच्या मजल्यावरचे काका म्हणतील, ‘गच्ची फोडणार, मग आमच्याकडे गळणार.’ तळमजल्यावरच्या काकू म्हणतील, ‘खड्डा खणला की डास होणार.’ निवृत्त मंडळी ‘मेंटेनन्स पुन्हा वाढणार का?’ एवढंच विचारतील. हे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवा. सभेत ‘गळती’ हा शब्द तुम्हीच आधी उच्चारलात आणि ‘गच्ची फोडायची नाही, आहेत तेच पाइप खाली वळवायचे आहेत’ असं सांगितलंत, तर काकांची शंका रास्त ठरते आणि तिला उत्तरही मिळतं. तुम्ही टाळलात तर तोच शब्द तिसऱ्या रांगेतून वरच्या पट्टीत येतो आणि मग सभा त्याच्याभोवती फिरते.

३. आकडा घरातल्या मापात सांगा, पण क्रियापद जपून

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ठाण्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ५०० चौरस मीटरची गच्ची आणि दोन हजार मिलिमीटर धरले तर दहा लाख लिटर होतात. पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून द्यावं लागतं, थोडं उडतं, वाहून जातं. म्हणून आठ लाखच धरा. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर ८० टँकर.

आता खरी कसोटी. ‘आपले ८० टँकर वाचतील’ म्हणायचा मोह होईल. म्हणू नका. जमिनीत सोडलेलं सगळं पाणी आपल्याच बोअरमधून परत येतं असं नाही. ‘दर पावसाळ्यात ८० टँकर भरतील एवढं पाणी आपल्या गच्चीवरून गटारात जातं’ हे वाक्य खरं आहे आणि जास्त टोचतं. एकदा ‘वाचतील’ म्हणालात आणि पुढच्या मे महिन्यात टँकर आला, तर तुमचा कुठलाच प्रस्ताव कुणी ऐकणार नाही.

ते जास्त का टोचतं, यावर संशोधन झालेलं आहे. १९८१ मध्ये ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी ६०० जणांच्या जिवावर उठलेल्या एका काल्पनिक साथीचा प्रश्न लोकांना विचारला. एका पर्यायात परिणाम ठाम होता, दुसऱ्यात जोखीम होती. ठाम पर्याय ‘२०० जण वाचतील’ असा मांडला तेव्हा ७२ टक्क्यांनी तो घेतला. तोच ‘४०० जण मरतील’ असा मांडला तेव्हा २२ टक्क्यांनीच घेतला. हिशोब एकच, पण नुकसान दिसलं की माणूस जोखीम घ्यायला तयार होतो. हे हत्यार धारदार आहे, म्हणूनच ते खऱ्या नुकसानीसाठीच काढावं. ‘पुढच्या वर्षी बिल्डिंगला पाणीच मिळणार नाही’ अशी भीती घालणं मला साफ नामंजूर आहे. शेजाऱ्यांना घाबरवून मिळवलेली मतं वर्गणी मागायला गेलं की गळून पडतात.

४. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ तपासा

भाषण लिहून काढा आणि प्रत्येक ‘आम्ही’ला पेन्सिलने गोल करा. ‘आम्ही कमिटीने ठरवलं आहे’ म्हटलं की समोरचे आपोआप ‘ते’ होतात. कमिटीने घेतलेली मेहनत सांगताना ‘आम्ही’ ठीक, उदाहरणार्थ ‘आम्ही तीन कोटेशनं आणली’. निर्णयाच्या जागी मात्र ‘आपण’च हवं. ‘तुम्ही लोक’ तर कुठेच नको.

त्याच पेन्सिलने ‘फक्त’ आणि ‘साधं’ खोडा. ‘घरटी फक्त तीन हजार’ यातलं ‘फक्त’ पेन्शनवर घर चालवणाऱ्याच्या जिव्हारी लागतं. तीन हजार म्हणा, थांबा. ‘निर्णय घेण्यात आला’ हेही खोडा, कारण कुणी घेतला हा प्रश्न लगेच उठतो.

५. उत्तर त्यांच्या तोंडून येऊ द्या

गाडगेबाबा कीर्तनात लोकांना त्यांच्याच बोलीत प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याकडूनच वदवून घेत. स्वतःच्या तोंडून निघालेली गोष्ट माणूस सहसा खोडत नाही. ‘मे महिन्यात आपल्याकडे टँकर किती वेळा आला?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. आकड्यावर दोघांचा वाद झाला तरी चालेल, मे महिना सभागृहात आला.

६. ठरावाचा मसुदा खिशात ठेवा

चर्चा संपल्यावर ‘सर्वांनी सहकार्य करावे’ म्हणून खाली बसू नका. पहिल्या पायरीतलं वाक्य वाचून दाखवा आणि तेच सेक्रेटरींना इतिवृत्तासाठी द्या, म्हणजे लिहिताना शब्द बदलणार नाहीत. सूचक आणि अनुमोदक आधीच ठरवा. वरच्या मजल्यावरच्या काकांचं समाधान झालं असेल, तर अनुमोदन देण्याची विनंती त्यांनाच करा.