नागपुरात मोठा बगीचा उभारताना: आधी माती, मग पाणी, कारंजं सगळ्यात शेवटी

नकाशावर पहिली रेघ ओढण्याआधी जागेवर खड्डे घ्या. 25 एकरांच्या बगीच्यासाठी एकरी एक, दोन मीटर खोल. इथल्या काळ्या मातीचा थर एकाच जागेत या टोकाला फूटभर असतो, तर त्या टोकाला मुरूम लागेपर्यंत दीड-दोन मीटर खाली जावं लागतं. संडास, पाण्याची टाकी, स्टेज, तिकीटघर असं जे जड असेल ते मुरूम वर आहे तिकडे ठेवा. काळी खोल असेल तिथे झाडं, हिरवळ, तळं. खड्डे बघूनच अर्धा आराखडा ठरतो.

माती किती फुगते हे बघायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. वाळवून बारीक चाळलेली 10 ग्रॅम माती 100 मिलीच्या एका नळकांड्यात पाण्यात, तेवढीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये सोडा. नीट ढवळून हवा काढा आणि 24 तासांनी दोन्हींतली पातळी वाचा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली त्याच्या दीडपटीवर गेली असेल, तर तिच्यावर थेट काहीही बांधू नका.

रस्त्यांपासून सुरुवात करा. मुख्य रस्ता 4 मीटर, आतले अडीच ते तीन. काळी माती 45 ते 60 सेंमी काढून 15-15 सेंमीच्या थरांत मुरूम भरा, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर फिरवा. 50 सेंमीचा एकच थर टाकून वरून रोलर फिरवला, तर दाब खालपर्यंत पोचतच नाही आणि पहिल्या पावसात रस्ता बसतो. मुरुमावर 10-15 सेंमी गिट्टी, मग 3 सेंमी चुरी, मग 60 मिमीचे पेव्हर, म्हणजे फरसबंदीचे ब्लॉक. टँकर जाणार असेल तिथे 80 मिमी. आडवा उतार 2 टक्के, म्हणजे तीन मीटरला 6 सेंमी.

बहुतेक रस्ते खचतात ते वेगळ्याच कारणाने. काळ्या मातीत खोदून मुरूम भरला की ती खाच टाक्यासारखी होते: पेव्हरच्या फटींतून पाणी आत जातं, खालची काळी ते सोडत नाही, फुगते आणि ब्लॉक वर उचलते. म्हणून कडेची चर मुरुमाच्या तळापेक्षा खोल हवी आणि मुरुमातून चरीत पाणी निघायला दर 15-20 मीटरला पाइप.

काढलेली माती मलबा समजून बाहेर पाठवू नका. तीन मीटर रुंदीच्या किलोमीटरभर रस्त्यातून अर्धा मीटर खोल काढली तरी 1500 घनमीटर निघते, म्हणजे सुमारे 530 ब्रास. टेकाडं तिचीच करा, पण उतार 1:3 पेक्षा तीव्र ठेवू नका, पावसात ओघळतो.

पाण्याचा हिशेब तोंडी करता येतो. 25 एकर म्हणजे साधारण 10 हेक्टर. 1 मिमी पाऊस पडला की 1 लाख लिटर. सप्टेंबर 2023 मध्ये काही तासांत 100 मिमीच्या वर कोसळला आणि अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला. तसा पाऊस या जागेवर 1 कोटी लिटर टाकतो. भिजलेली काळी त्यातलं जवळजवळ काहीच पीत नाही. तळं सर्वांत सखल कोपऱ्यात घ्या, सांडवा मोकळा ठेवा, पाण्यापासून काठ 60 सेंमी उंच ठेवा. अस्तराला तीच काळी ओलसर करून 45 सेंमी दाबा, वर 15 सेंमी मुरूम पसरा. मुरूम नसेल तर उन्हाळ्यात पातळी उतरताच अस्तराला भेगा पडतात. मार्च ते जूनमध्ये पाऊण ते एक मीटर पाणी नुसतं उडून जातं, म्हणून मधली खोली अडीच मीटर तरी हवी. काठालगत दोन मीटर रुंदीची उथळ पायरी सोडा. मूल घसरलं तर तिथेच थांबेल.

लॉन कमी करा. मे महिन्यात एकरभर लॉनला रोज सुमारे 25 हजार लिटर लागतं, म्हणजे दहा हजारी टँकर अडीच. पेंच धरणाचं पिण्याचं पाणी गवताला घालण्यात शहाणपण नाही; शुद्ध केलेलं सांडपाणी मिळत असेल तर क्षार तपासून रात्री द्या.

जागेवरची जुनी झाडं मोजून, क्रमांक टाकून नकाशावर घ्या. 1975 च्या झाडांच्या कायद्याखाली परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही. नव्यांसाठी एप्रिल-मेमध्ये मीटरभर चौरस, तितकेच खोल खड्डे करून उन्हात तापू द्या. तळ सब्बलीने फोडा, नाहीतर मुळं पाण्यात बसतात. माती, मुरूम, शेणखत आणि उधई (वाळवी) लागू नये म्हणून अर्धा किलो निंबोळी पेंड. रोप आजूबाजूच्या पातळीपेक्षा 15 सेंमी वर लावा, तेही चांगला पाऊस झाल्यावरच. कडुनिंब, करंज, बहावा 7-8 मीटरवर, अर्जुन तळ्याकाठी, वडाला 15 मीटर. गुलमोहर बाकांजवळ नको, वादळात फांद्या मोडतात. आणि बाक झाडाच्या पूर्वेला. लोक संध्याकाळी पाचला येतात तेव्हा ऊन पश्चिमेकडून येतं. पश्चिमेचा बाक तापलेलाच राहतो.

घसरगुंडीचं तोंड उत्तरेला, पत्रा कमी तापतो. खाली 30 सेंमी वाळू. रबरी टाइल्स इथल्या उन्हात चटका देतात. झोक्याची दांडी 2.4 मीटर उंच असेल तर पुढे-मागे प्रत्येकी 4.8 मीटर मोकळं. दिव्यांच्या तारा पाइपमधून 75 सेंमी खोल, प्रत्येक फीडरवर 30 मिलीअँपिअरचा गळती-संरक्षक ब्रेकर.

पेव्हरची घाई मात्र करू नका. एक पावसाळा रस्ते मुरुमावरच राहू द्या. कुठे बसले, कुठे पाणी साचलं ते दिसतं, आणि लोकांनी कोपरे कापून स्वतः पाडलेल्या पायवाटाही. त्या नकाशात भरा, मग ब्लॉक मागवा.