शस्त्रक्रियेसाठी इंजिनिअरिंग आणि इमेजिंग: नागपुरातून संशोधनात येणाऱ्यांसाठी

गेटचा (इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा) निकाल लागला की दरवर्षी ज्युनिअर्सचे फोन सुरू होतात. "ताई, सर्जिकल रोबोटिक्समध्ये पीएचडी करायची आहे, आधी कोणता कोर्स करू?" मी मूळची इलेक्ट्रॉनिक्सची. जबड्याच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेचं सीटीवरून नियोजन कसं करायचं आणि ते नियोजन प्रत्यक्ष ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) कसं उतरवायचं, या विषयावर नागपुरात काम करते. कोर्सचं नंतर बघू, असं मी त्यांना सांगते. आधी हे शोधा, की तुम्ही जो आकडा काढणार आहात त्याने टेबलापाशी उभ्या असलेल्या सर्जनचा कोणता निर्णय बदलणार आहे? पायथन, डीप लर्निंग, थ्रीडी प्रिंटिंग वर्षभरात जमतं. हा प्रश्न नीट विचारायला मात्र खूप वेळ लागतो, आणि माझ्या मते या क्षेत्रातलं खरं प्रशिक्षण तेच आहे.

परदेशात यासाठी स्वतंत्र केंद्रं आहेत. स्ट्रासबर्गचं इरकाड १९९४ साली सुरू झालं, तिथे सर्जन आणि इंजिनिअर एकाच इमारतीत काम करतात. लंडनमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज, किंग्ज कॉलेज आणि इम्पिरियलमध्ये पीएचडीचे विद्यार्थी पहिल्या वर्षापासून हॉस्पिटलशी जोडलेले असतात. आपल्याकडे तिरुवनंतपुरमची श्री चित्रा ही वैद्यकीय संस्था आणि खरगपूर आयआयटीचं मेडिकल सायन्स अँड टेक्नॉलॉजीचं स्कूल, म्हणजे विभाग, ही जुनी ठिकाणं. मुंबई आयआयटीच्या बेटिक या वैद्यकीय उपकरणांच्या केंद्राने नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग संस्थेतही आपली शाखा काढली, त्यामुळे हे काम नागपूरला अगदीच नवं नाही. पण इथे एक इमारत नाही. व्हीएनआयटी बजाजनगरला, सरकारी मेडिकल कॉलेज (आम्ही नुसतं 'मेडिकल' म्हणतो) मेडिकल चौकात, एम्स मिहानला, ट्रिपल आयटी बुटीबोरीकडे. ही ठिकाणं जोडायचं काम तुम्हालाच गाडीवर फिरून करावं लागतं. त्याचा कंटाळा करू नका. ज्याचं हॉस्पिटलमध्ये येणं-जाणं नाही, त्याचा विषय दुसऱ्या वर्षापर्यंत कागदावरच राहतो.

आता माझ्याच विषयाचं उदाहरण देते. विदर्भात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) किती खाल्ला जातो हे नागपूरकराला सांगायला नको. त्यातून होणारा तोंडाचा कॅन्सर हाडापर्यंत गेला, की खालच्या जबड्याचा तुकडा काढावा लागतो. त्या जागी पायातलं फिब्युला हे हाड रक्तवाहिन्यांसकट आणून बसवतात. जबड्यासाठी ही पद्धत १९८९ मध्ये पहिल्यांदा मांडली गेली आणि आज ती जगभर रूढ आहे. सरळ हाडाचे दोन-तीन तुकडे करून जबड्याची कमान तयार करायची, म्हणजे कुठे आणि किती कोनात कापायचं हे आधी ठरलेलं हवं. इथे इंजिनिअर येतो. सीटीवरून जबडा आणि फिब्युला वेगळे काढायचे, कापायची प्रतलं सर्जनसोबत बसून ठरवायची आणि करवत नेमकी त्याच खाचेतून जाईल असा कटिंग गाइड, म्हणजे हाडावर बसणारा साचा, थ्रीडी प्रिंटरवर छापायचा.

पेपरमध्ये हे सोपं वाटतं. पहिला प्रश्न असतो सीटीचा. निदानासाठी काढलेला स्कॅन पुष्कळदा ५ मिमी जाडीच्या स्लाइसचाच जतन केलेला असतो. त्यावरून मॉडेल काढलं तर हाडावर पायऱ्या दिसतात आणि गाइड नीट बसत नाही. १ मिमी किंवा त्याहून पातळ स्लाइस हव्यात, हे स्कॅनच्या आधी रेडिओलॉजीच्या टेक्निशियनना सांगावं लागतं. नंतर सांगून उपयोग नाही, कारण मूळ पातळ डेटा मशीनवरून पुसला जातो. दुसरं, दातातलं चांदी भरलेलं ठिकाण किंवा धातूची कॅप सीटीवर पांढरे पट्टे मारते आणि नेमका तिथेच हाडाचा काठ हरवतो. सॉफ्टवेअर तिथे आत्मविश्वासाने चुकीची रेघ ओढतं.

म्हणून डाइस स्कोअरवर, म्हणजे सॉफ्टवेअरने काढलेला आकार खऱ्या आकाराशी किती जुळतो ते ० ते १ मध्ये सांगणाऱ्या आकड्यावर, भाळू नका. अख्ख्या जबड्याचा स्कोअर ०.९५ आला तरी गाठीच्या कडेला तीन मिलिमीटर चूक असू शकते, कारण उरलेला सगळा जबडा तो आकडा वर ओढतो. सर्जन गाठीभोवती साधारण एक सेंटिमीटर निरोगी भाग सोडून कापतात. तीन मिलिमीटर म्हणजे त्या सुरक्षित पट्ट्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग. चूक मोजायची ती करवत जिथून जाणार तिथे.

नॅव्हिगेशनमध्ये, म्हणजे हत्यार कुठे आहे ते सीटीवर दाखवणाऱ्या यंत्रणेत, हीच गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. इन्फ्रारेड कॅमेरा हत्यारावरचे परावर्तक गोळे पाहतो आणि रुग्णाचं शरीर सीटीशी जुळवतो, त्याला आम्ही रजिस्ट्रेशन म्हणतो. जुळणीसाठी निवडलेल्या बिंदूंवरची चूक स्क्रीनवर लगेच दिसते आणि ती लहान असली की सगळे खूश होतात. पण त्या बिंदूंवरची चूक आणि प्रत्यक्ष लक्ष्यावरची चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळे बिंदू पुढच्या दातांवर घेतले आणि कापायचं मात्र मागे जबड्याच्या कोनापाशी, तर एका अंशाचा फरकही ८० मिमी अंतरावर सुमारे १.४ मिमी होतो. त्यात खालचा जबडा हलतो. कवटीला लावलेला मार्कर त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही, मार्कर जबड्यालाच लावावा लागतो. मेंदूच्या शस्त्रक्रियेवरचे पेपर वाचून आलेल्या मुलांना हे ओटीत उभं राहिल्यावरच उमगतं.

आणि एक गोष्ट परदेशी पेपरमध्ये क्वचितच सापडेल. खर्रा-सुपारीने तोंडातली त्वचा कडक होते, ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात तो हाच. इथल्या कित्येक रुग्णांचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. दातांचा ठसा घेणारा इंट्राओरल स्कॅनर आत जातच नाही. ज्या पद्धतीचा पाया दातांच्या स्कॅनवर आहे, ती या रुग्णांसाठी पहिल्या पायरीवरच अडते. मला हा नागपुरात राहून संशोधन करण्याचा फार मोठा फायदा वाटतो: प्रश्न दारात आहेत, आणि ते सोडवायला दुसरं कुणी बसलेलं नाही.

छपाईबद्दलही सांगते. कॉलेजच्या थ्रीडी प्रिंटरवर पीएलए हे प्लास्टिक असतं आणि ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या कारच्या डॅशबोर्डवर ते मॉडेल वाकडं होईल, मग १२१ किंवा १३४ अंशांच्या ऑटोक्लेव्हची (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची) गोष्टच सोडा. रुग्णाला समजावून सांगायला, प्लेट आधीच वाकवून घ्यायला पीएलएचं मॉडेल ठीक. जखमेत जाणारा गाइड मात्र त्यासाठी मान्य असलेल्या रेझिनचा किंवा नायलॉनचा हवा आणि निर्जंतुकीकरणानंतर त्याचं माप पुन्हा घ्यायला हवं. तो रुग्णावर वापरायचा म्हटलं की २०१७ चे मेडिकल डिव्हाइस रूल्स लागू होतात, तेही वाचून ठेवा.

ओटीत पहिल्यांदा जाल तेव्हा लॅपटॉप बाहेर ठेवा. ओटी इन्चार्ज सिस्टरना आधी भेटा, कुठे उभं राहायचं ते त्या सांगतील. हिरव्या-निळ्या कपड्याने झाकलेल्या कशालाही हात लावायचा नाही, हात छातीपाशी बांधून उभं राहायचं. मग फक्त बघा. सर्जन स्क्रीनकडे कधी बघतात आणि कधी अजिबात बघत नाहीत, कोणत्या क्षणी सगळे थांबतात, रेसिडेंट कशासाठी वाट बघतोय. मी पाहिलेला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. नियोजन झाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत काही आठवडे गेले होते आणि गाठ वाढली होती. ठरलेल्या रेषेवर कापलं असतं तर कड अपुरी पडली असती. सरांनी गाइड बाजूला ठेवला आणि हाताने नवी रेष आखली. त्या दिवसानंतर आमच्या प्रत्येक गाइडमध्ये एक सेंटिमीटर पुढची पर्यायी खाच असते. हा बदल कोणत्याही अल्गोरिदमने सुचवला नसता.

ऑपरेशननंतर लगेच प्रश्न विचारू नका. सर सकाळपासून उभे असतात. संध्याकाळी राउंड संपल्यावर चहाच्या वेळी विचारा, तेव्हा ते मनापासून सांगतात. रेसिडेंटशी ओळख ठेवा. डेटा कुठे आहे, कोणता फॉलोअप सुटला, हे त्यांनाच ठाऊक असतं. त्यांनी मदत केली तर पेपरवर त्यांचं नाव हवंच, आणि ते सुरुवातीलाच बोलून घ्या.

नैतिक समितीची परवानगी हा पहिल्याच वर्षाचा उद्योग आहे. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचूनच प्रस्ताव लिहा. संमतिपत्रक साध्या मराठीत आणि हिंदीत हवं, कारण मेडिकलला छिंदवाडा-बालाघाटचे रुग्णही मोठ्या संख्येने येतात. वाचून दाखवा, मग त्यांच्या शब्दांत परत सांगायला सांगा. डायकॉम फाइलमधून (स्कॅन ज्या फाइलमध्ये साठवतात ती) नाव काढलं की ओळख पुसली, असं समजू नका. डोक्याच्या सीटीवरून चेहरा थ्रीडीत उभा करता येतो आणि तो ओळखू येतो. फाइल हॉस्पिटलबाहेर नेण्याआधी त्याचाही बंदोबस्त करा.

पैशांचं थोडक्यात. केंद्र सरकारच्या जेआरएफला (पीएचडीच्या सुरुवातीची फेलोशिप) २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि एसआरएफला (त्यापुढच्या टप्प्याची) ४२,००० रुपये, वर घरभाडं. गेट किंवा नेट हातात असेल तर मार्ग सोपा होतो. ब्रँच कोणतीही चालते. माझ्याभोवती मेकॅनिकल, कॉम्प्युटर आणि दंतवैद्यकाचे लोक एकत्र काम करतात, आणि त्यांतले दंतवैद्य कोड शिकले तेव्हा त्यांचं काम फार झपाट्याने पुढे गेलं.

अर्ज करण्याआधी एवढं करा. थ्रीडी स्लायसर हे स्कॅनवर काम करायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, द कॅन्सर इमेजिंग आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहातले डोकं-मानेचे सीटीही मोफत आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच संचांसाठी आधी परवानगी मागावी लागते. एक स्कॅन घ्या, खालचा जबडा वेगळा काढा, कापायची दोन प्रतलं ठेवा. तेच काम मित्राला स्वतंत्रपणे करायला लावा. मग दोघांची प्रतलं हाडावर किती मिलिमीटरने आणि किती अंशांनी वेगळी पडली ते मोजा आणि कुठे, का वेगळी पडली ते एका पानात लिहा. पीएचडीच्या मार्गदर्शकाच्या शोधात प्राध्यापकांना भेटायला जाल तेव्हा गुणपत्रिकेच्या वर हे पान ठेवा. बहुतेक एनआयटी-आयआयटीत पीएचडीचे प्रवेश वर्षातून दोनदा होतात, तेव्हा हा उन्हाळा हुकला तरी डिसेंबरची फेरी मिळते.