डेटाबेस करप्ट झाला? थांबा, आधी काही डिलीट करू नका

ऐन गुळाच्या सीझनला कोल्हापुरात शाहूपुरीत मामांच्या अडत दुकानात लाईट गेली, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली, आणि लाईट आल्यावर बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडेचना, नुसतं 'डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड'. मी लई शहाणा, फोल्डरमध्ये शेवटी डब्ल्यूएएल लिहिलेली फाईल दिसली, म्हटलं कचरा असणार, उडवली. सकाळपासूनच्या पट्ट्या (बिलं) तिच्यातच होत्या, गेल्या!

तर हे सगळं एसक्यूलाईटचं (SQLite) सांगतोय, म्हणजे सगळा डेटा एकाच फाईलमध्ये ठेवणारा डेटाबेस, छोट्या सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याचदा तोच असतो. पहिलं काम, सॉफ्टवेअर बंद करा आणि अख्खा फोल्डर, डब्ल्यूएएल किंवा जर्नल फाईलसकट (बदलांची तात्पुरती नोंद यांच्यात असते), दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, आणि पुढची सगळी खटपट त्या कॉपीवरच. एसक्यूलाईटचं कमांडवालं टूल घ्या, प्राग्मा इंटिग्रिटी चेक (PRAGMA integrity_check;) ही तपासणीची कमांड चालवा, ओके आलं तर डेटाबेसचा सांगाडा धड आहे. एररची रांग लागली आणि जुना चांगला बॅकअप असला तर सरळ तो टाका, मधली बिलं कागदावरनं भरा, उगं हिरोगिरी नको. बॅकअप नसला तरच त्याच टूलमधली डॉट रिकव्हर (.recover) कमांड, एसक्यूलाईटच्या 3.29 व्हर्जनपासून (2019) आलीय, ते जेवढं वाचतंय तेवढं काढून देतं, ते नव्या फाईलमध्ये भरायचं. ज्या ओळी कुठल्या टेबलच्या तेच कळत नाही त्या 'लॉस्ट अँड फाउंड'मध्ये पडतात, आणि डिलीट केलेली बिलं पण कधीकधी उठून बसतात, त्यामुळं वहीशी ताळा केल्याशिवाय जीएसटीला हात लावू नका.

आता खरं सांगायचं तर नुसत्या लाईट जाण्यानं एसक्यूलाईट सहसा मरत नाही, त्यासाठीच तर त्या जर्नल आणि डब्ल्यूएएल फाईली असतात. घात होतो तो स्पीडसाठी सिंक्रोनस (डेटा डिस्कवर खरंच उतरेपर्यंत थांबायची सेटिंग) ऑफ केलं की, किंवा डिस्क डेटा लिहिलाच नसताना लिहिला म्हणून खोटं सांगते तेव्हा. शेअर्ड फोल्डरमध्ये एकच फाईल ठेवून दोन कॉम्प्युटरवरनं बिलं मारणं तर अजिबात नको.

बॅकअप घेताना चालू फाईल कॉपी-पेस्ट करू नका, अर्धवट उतरते. त्याच टूलमधली डॉट बॅकअप (.backup) किंवा व्हॅक्यूम इंटू (VACUUM INTO) कमांड वापरा. एक कॉपी दुकानाबाहेर पाहिजेच, 2019 आणि 2021 चा महापूर बघितलेल्याला हे वेगळं काय सांगायचं. आणि महिन्यातनं एकदा ती कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, मामांच्या पेनड्राईव्हवर वर्षभर रोज शून्य केबीची फाईल जात होती.